पुरीच्या लाटा आणि नुलिया

शनिवार-रविवारला जोडून एखादी रजा मिळाली, तर ओडिशातील पुरीस जाऊन यावे. हावड्याहून रात्री गाडीत बसले की सकाळी पुरी. आम्हां पश्चिम किनाऱ्याच्या माणसांना सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याची सवय. येथे हिवाळ्यात तो समुद्रातून वर येतो. जगन्नाथाचे दर्शन घ्यावे, ३५ किलोमीटरांवरील कोणार्कही पाहावे.

समुद्रस्नानाचा मोह मात्र जपून पुरवावा. येथील लाट दिसते त्याहून दांडगी असते, आणि परतणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. किनाऱ्यावर उंच, निमुळत्या टोप्या घातलेले नुलिया भेटतील. ही तेलुगू बोलणारी कोळी मंडळी. नवख्याचा हात धरून त्यास लाटेत नेणे व सुखरूप परत आणणे हा त्यांचा जुना व्यवसाय. मला पोहता येते, या घमेंडीत मी एकास नकार दिला आणि दुसऱ्याच लाटेने चष्म्यासकट उताणा पडलो. हात देऊन उठवले ते त्यानेच.

आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे व मगच परतावे. मुले बरोबर असतील तर मोबदला आधी ठरवून घ्या, पण नुलियावाचून त्यांना पाण्यात उतरवू नका. माझा चष्मा काही सापडला नाही.