हिशेब कोणाचा कच्चा?



वडवणीच्या आसपासच्या माळरानावर सगळे रान कपाशीला देणारा कोरडवाहू शेतकरी विरळाच. तो कपाशीत तुरीचे तास घालतो, एक तुकडा ज्वारीला राखतो, खत शिफारशीपेक्षा कमी टाकतो. आम्ही कृषीची पदवी घेऊन आलो तेव्हा याला अडाणीपणा म्हणत होतो. सरासरी जास्त पैसा कशाने येतो ते कागदावर दाखवायचो. लोक मान डोलवायचे आणि रानात आपल्या मनाचेच करायचे.

घोळ त्या ‘सरासरी’त होता. सरासरी दहा वर्षांची निघते. बैलांना कडबा याच उन्हाळ्यात लागतो.

इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतल्या काही गावांचा अभ्यास केला. तिथे हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने शेतकऱ्यांपुढे खऱ्या पैशांचा छापा-काट्याचा डाव मांडला. त्याचे निष्कर्ष १९८० मध्ये छापून आले. मोठ्या डावात एका टोकाला पक्के ५० रुपये, दुसऱ्या टोकाला २०० नाहीतर शून्य. मध्ये पायऱ्या, त्यातली एक म्हणजे ३० किंवा १५०. त्या काळी ५० रुपये म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. बहुतेकांनी मधल्या पायऱ्या धरल्या. थोडी सरासरी सोडली, पण हात रिकामा राहू दिला नाही. आणि गंमत अशी, की गरीब नि सधन यांच्या निवडीत फारसा फरक निघाला नाही!

मग सधन शेतकरी खत जास्त का टाकतो? त्याची छाती मोठी म्हणून नव्हे. त्याला विहीर आहे, बँक दारात उभे करते, एक साल बुडाले तर खायला घरात आहे. तरीही ‘मानसिकता बदला’ म्हणून शिबिरे भरतात ती कोरडवाहूवाल्यासाठीच.

आपलेही सगळेच बरोबर असते असे नाही. शेजाऱ्याने लावले म्हणून तेच वाण लावणे, हे कारण कच्चेच. पण दुकानदार उधारीवर देतो तेच बियाणे घ्यावे लागते, तिथे निवड कसली?

पीककर्ज पेरणीआधी हातात पडले पाहिजे आणि विम्याचे पैसे त्याच हंगामात मिळाले पाहिजेत, ही आपली मागणी आहे. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या सर्वांत वाईट सालाचा हिशेब लिहून आणावा: काय पेरले, काय हाती आले, काय विकावे लागले. निवेदनाला तेच कागद जोडायचे आहेत.