चार सिंह आणि एक चाक

भारताची राजमुद्रा 26 जानेवारी 1950 रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, स्वीकारली गेली. तिचे मूळ सारनाथला आहे. गौतम बुद्धांनी जेथे पहिले प्रवचन दिले, तेथे सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात स्तंभ उभारला. त्या स्तंभाचा माथा म्हणजे आजच्या मुद्रेचा नमुना. 1904-05 मध्ये एफ. ओ. ओर्टेल या अभियंत्याच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, तेव्हा हे सिंहशीर्ष मातीतून वर आले. वालुकाश्माचे, सुमारे सात फूट उंच. दगडावरची मौर्यकालीन झिलई अजून टिकून आहे. सारनाथच्या संग्रहालयात ते आजही पाहता येते.

मूळ शिल्पात सिंह चार आहेत, पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड करून बसलेले. समोरून तीनच दिसतात, म्हणून मुद्रेतही तीनच. त्यांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह कोरले असून दोन प्राण्यांच्या मध्ये एकेक चक्र आहे. मुद्रेत पाहणाऱ्याच्या समोर चक्र येते, उजवीकडे बैल, डावीकडे धावता घोडा आणि दोन्ही टोकांना आणखी चक्रांच्या नुसत्या कडा. पट्टीखालचे उलट्या कमळाचे घंटेसारखे शिल्प मुद्रेत घेतलेले नाही. खिशातले रुपयाचे नाणे उजेडात धरले की सिंह चटकन ओळखू येतात. पट्टी मात्र निरखून पाहावी लागते. ती निरखावीच, कारण मुद्रेचा अर्थ त्या पट्टीत आहे.

सारनाथच्या शिल्पात सिंहांच्याही वर एक मोठे दगडी धर्मचक्र होते. त्याला बत्तीस आरे होते आणि त्याचे तुकडे उत्खननात मिळाले. म्हणजे सिंह तेथे मिरवायला बसवलेले नव्हते. चक्र पेलायला बसवले होते. कलिंगाच्या युद्धानंतर पश्चात्ताप झालेल्या राजाने बळाच्या डोक्यावर नीती ठेवली, असा या रचनेचा अर्थ लावता येतो आणि तोच सर्वांत पटणारा आहे. मुद्रेत वरचे चक्र आले नाही, पण पट्टीवरचे आले. तेच चोवीस आऱ्यांचे चक्र 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर घेतले. ध्वजासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

हीच परंपरा महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहता येते. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या दाराशी डाव्या हाताला एक उंच स्तंभ उभा आहे. त्याच्या माथ्यावरही चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. स्तंभावरच्या ब्राह्मी लेखात त्याला सिंहस्तंभच म्हटले आहे आणि तो गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याचे दान असल्याची नोंद आहे. समोरच एकवीरा आईचे देऊळ. दर्शनाच्या रांगेतली हजारो माणसे या स्तंभाजवळून जातात. लेकराला खांद्यावर घेतलेल्या बापाने क्षणभर थांबून वर बोट दाखवावे आणि ‘नाण्यावरचे सिंह बघ’ म्हणावे, इतके ते जवळ आहेत.

मुद्रेखालचे ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडकोपनिषदातले. ते शोभेची ओळ नाही, मुद्रेचाच भाग आहे. ते गाळून नुसते सिंह छापले तर मुद्रा अपुरी राहते. तरीही वचन गाळलेली मुद्रा पत्रिकांवर, फलकांवर, गाड्यांच्या काचांवर सर्रास दिसते. सिंह हवेत आणि सत्य नको, असा त्याचा अर्थ होतो आणि तो खटकायला हवा.

मुद्रा कोणी वापरावी, हे 2005चा कायदा आणि 2007चे नियम सांगतात. सरकारशी संबंध असल्याचा भास होईल अशा रीतीने ती विनापरवाना वापरता येत नाही. ‘व्यक्ती’ या शब्दात कायद्याने माजी पदाधिकारीही स्पष्टपणे धरले आहेत. पद गेले की पत्रावरची मुद्राही जायला हवी. गाडीवर ती लावण्याचा मान मोजक्या पदांनाच आहे. गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा या कायद्याने ठरवली. दंडाची ही रक्कम फारच तोकडी आहे. सिंहांच्या नावावर रुबाब करणारा माणूस एका नव्या पाटीवर याहून जास्त खर्च करतो. म्हणून अशी पाटी रंगवायला किंवा पत्र छापायला कोणी आले, तर रंगाऱ्याने आणि छापखानेवाल्याने आधी परवानगीचा कागद मागावा.