प्रीसेटच्या हाती किती द्यावे?

बॅलन्स्ड लाइनचा साधा रिसीव्हर म्हणजे एक ऑप-अ‍ॅम्प आणि 10 किलोओहमचे चार रेझिस्टर. चारही तंतोतंत जुळले, तर दोन्ही तारांत सारखाच शिरलेला 50 हर्ट्झचा हम वजा होऊन जातो. पण 1 टक्का टॉलरन्सचे चारही रेझिस्टर नेमके नको त्या बाजूला चुकले, तर तफावत 4 टक्क्यांवर जाते आणि कॉमन-मोड रिजेक्शन जेमतेम 34 डेसिबल उरते. 80 डेसिबल हवे असतील, तर एकूण तफावत 0.02 टक्क्यावर, म्हणजे 10 किलोओहममागे 2 ओहमवर आणावी लागते. हे काम प्रीसेटचेच. मात्र एक रेझिस्टर काढून त्या जागी 20 किलोओहमचा प्रीसेट ठोकला की झाले, ही सवय महागात पडते. प्रीसेटच्या हाती फक्त चूक द्यावी, अख्खा रेझिस्टर देऊ नये.

हिशेब सोपा आहे. 25 टर्नचा 20 किलोओहमचा प्रीसेट टर्नमागे 800 ओहम सरकतो. 2 ओहम साधायला स्क्रूड्रायव्हर एका अंशापेक्षाही कमी फिरवावा लागेल. सर्मेटचा तापमान गुणांक साधारण 100 पीपीएम धरला, तर मध्यावर लावलेला हा प्रीसेट दर अंश सेल्सिअसला 1 ओहम हलतो. पेटीतले तापमान 20 अंशांनी वाढले की बाकीचे तिन्ही रेझिस्टर जागचे न हलताही 80 चे 60 डेसिबल होतात. 9.53 किलोओहमला 1 किलोओहमचा प्रीसेट सिरीजमध्ये जोडला, तर हा त्रास विसाव्या हिश्श्यावर येतो. पण वायपरचा लहरी स्पर्श-रोध मार्गात राहतोच. त्याहून चांगली जागा नॉन-इन्व्हर्टिंग बाजूच्या दोन रेझिस्टरांच्या मधोमध आहे: 9.76 किलोओहम, 500 ओहमचा प्रीसेट, पुन्हा 9.76 किलोओहम, आणि वायपर थेट ऑप-अ‍ॅम्पच्या इनपुटला. या इनपुटला प्रवाह जवळजवळ लागतच नाही, म्हणून स्पर्श-रोध बदलला तरी बिघडत नाही. वायपर मध्याजवळ असेल, तर तापमानाने दोन्ही अर्धे सारखेच वाढतात आणि गुणोत्तर टिकते. पल्लाही सुमारे 5 टक्के मिळतो, म्हणजे 4 टक्क्यांची चूक त्यात मावते.

यावर कोणी म्हणेल, स्थिर रेझिस्टरच तापून सरकले तर? आक्षेप रास्त आहे. टॉलरन्सची चूक प्रीसेट भरून काढतो, तापमानाची नाही. म्हणून खर्च करायचाच तर आधी कमी गुणांकाच्या किंवा एकाच पॅकेजमधल्या रेझिस्टरांवर करावा. दुसरा आक्षेप असा की आयएनए134 सारख्या आयसीत लेसरने जुळवलेले रेझिस्टर आतच असतात आणि ठराविक 90 डेसिबल मिळतात, मग ही उठाठेव कशाला? नव्या, युनिटी गेनच्या कामात तो आयसीच घ्यावा. वेगळा गेन हवा असेल किंवा जुने यंत्र दुरुस्त करायचे असेल, तिथे प्रीसेट लागतोच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सोर्सच्या दोन तारांत नुसता 10 ओहमचा फरक असला, तरी आपल्या 10 किलोओहमच्या मांडणीत 80 डेसिबलची जुळणी 66 वर घसरते. त्यामुळे बेंचवर दोन्ही इनपुट एकत्र जोडून मिळवलेला आकडा प्रत्यक्ष जागी टिकेलच असे नाही. सोर्स कायमचा असेल, तर शेवटची जुळणी तो जोडूनच करावी. बदलता असेल, तर पुढचे डेसिबल शोधण्याऐवजी इनपुट इम्पीडन्स वाढवावा.

यापुढे ड्रॉइंगवर प्रीसेटची किंमत लिहाल, तेव्हा शेजारी त्याचा पल्ला टक्क्यांत लिहा. तो आकडा भोवतालच्या रेझिस्टरांच्या टॉलरन्सशी जुळत नसेल, तर निवड पुन्हा करा.