घर मंजूर झाले, पाहणीचे काय?

प्रतिपालकत्वाच्या, म्हणजेच फॉस्टर केअरच्या, सुधारित आदर्श मार्गदर्शक सूचना केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये जारी केल्या, तेव्हा राजधानीत चर्चा झाली ती त्यांतील एकाच तरतुदीची. तोवर केवळ विवाहित दांपत्यांना खुले असलेले हे दार ३५ ते ६० वयाच्या एकट्या स्त्री-पुरुषांनाही उघडले. बदल स्वागतार्हच आहे. मात्र दुसऱ्या बदलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. दत्तक देण्यास कायद्याने मुक्त असलेले मूल ज्या प्रतिपालक कुटुंबात वाढते आहे, त्या कुटुंबाला ते दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे; आता ही मुदत दोन वर्षांवर आली आहे. परीक्षेचा काळ घटला की परीक्षकाची जबाबदारी वाढते. ती पेलणारी यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ‘बालसंगोपन’ हा शब्द परिचित आहे. २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपयांपर्यंत वाढलेली त्या योजनेची मदत प्रामुख्याने एकल पालकांच्या घरी जाते. मूल असते ते आपल्याच माणसांत. प्रतिपालकत्वाचे तसे नाही. आई-वडील असमर्थ आहेत किंवा हयात नाहीत, असे मूल बालगृहातून परक्या कुटुंबात जाते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधून त्याच्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. परके घर आणि सरकारी पैसा हे दोन्ही एकत्र आले की देखरेख ही उपचाराची बाब राहत नाही.

मंजुरीची वाट कागदावर चांगली आखलेली आहे. इच्छुक कुटुंब अर्ज करते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरी जाऊन गृहचौकशी अहवाल तयार करतो. प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समिती त्याची छाननी करते. आणि अखेरचा आदेश बाल कल्याण समिती देते. कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ४४ सांगते. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, हेही तेच कलम बजावते.

पुनर्विलोकनाच्या बाबतीत कायदा अधिकच कडक आहे. बाल कल्याण समितीने प्रत्येक प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावी आणि संगोपनात कसूर दिसल्यास मूल तेथून हलवावे, असा दंडक आहे. म्हणजे दत्तकविधानाचा मार्ग मोकळा होण्यापूर्वी दोन वर्षांत २४ पाहण्या. ही समिती अध्यक्षासह पाच जणांची. महिन्यातून किमान २० दिवस तिने बैठक घ्यायची आहे. हरवलेली, भीक मागायला लावलेली, मजुरीतून सोडवलेली, अत्याचारग्रस्त अशी साऱ्या जिल्ह्यातील मुले तिच्यापुढे येतात. उरलेल्या दिवसांत तिने घरोघर जावे, ही अपेक्षा एखाद-दुसऱ्या कुटुंबापुरती निभावेल. योजना वाढली की हे काम बाल संरक्षण कक्षाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांकडे सरकणार. गृहचौकशी करणारा हात तोच आणि पाहणी करणाराही तोच. आपण लिहिलेली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, तसा हा प्रकार होईल.

वरच्या पायरीवर तर गुंता अधिकच आहे. मिशन वात्सल्यच्या रचनेत मान्यता समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बाल संरक्षण कक्षही त्यांच्याच देखरेखीखाली. बाल कल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावाही तेच घेतात. आणि समितीच्या इतर आदेशांवर बाल न्यायालयात अपील होत असले, तरी प्रतिपालकत्वाच्या आदेशावरील अपील कलम १०१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेच जाते. चारही दोर एका हाती. अधिकारी कितीही सचोटीचा असो, आपण मंजूर केलेल्या घराविरुद्धची तक्रार आपणच ऐकावी, ही व्यवस्था त्याच्यावरही अन्यायच करते.

बाहेरच्या नजरेचे मोल देशाने मुजफ्फरपूरमध्ये पाहिले. तेथील बालिकागृह हे प्रतिपालक घर नव्हते, संस्था होती. पण धडा तोच. सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटी तेथेही होत. आतले अत्याचार उघड होण्यास कारण ठरला तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा २०१८ मधील सामाजिक लेखापरीक्षण अहवाल. पुढे जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या साकेत न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. संस्थेला निदान फाटक असते, नोंदवही असते, शेजारी दुसरी मुले असतात. प्रतिपालक घरातले मूल एकटे असते.

ब्रिटनने ही किंमत फार पूर्वी मोजली. १९४५ मध्ये श्रॉपशरमधील एका शेतघरात १२ वर्षांचा प्रतिपालित मुलगा छळाने मेला. त्याला तेथे ठेवणारी नगरपालिका वेल्समधील, घर दुसऱ्याच परगण्यात. देखरेख दोघांच्या मध्ये हरवली. त्या खळबळीनंतरच्या चौकशांतून १९४८ चा बालक कायदा आला. आज इंग्लंडमध्ये प्रतिपालकाच्या मंजुरीचे पुनर्विलोकन पहिल्या वर्षाच्या आत आणि पुढे दरवर्षी होते. पहिल्या पुनर्विलोकनाचा अहवाल मंजुरी सुचवणाऱ्या मंडळापुढे जातो आणि प्रतिकूल निर्णयाविरुद्ध प्रतिपालकाला स्वतंत्र यंत्रणेकडे दाद मागता येते.

कडक तपासणीने कुटुंबे बिचकतील, आधीच ती मोजकी आहेत, असा आक्षेप मंत्रालयात घेतला जाऊ शकतो. तो पोकळ नाही. पण पुनर्विलोकन म्हणजे झडती नव्हे. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला समुपदेशन कोठे मिळेल, शाळाप्रवेश कुठे अडला आहे, हे विचारणारा माणूस कुटुंबाला हवाच असतो. खोट्या तक्रारीच्या वेळी नियमित पाहणीच्या नोंदीच त्याची ढाल ठरतात.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मासिक पाहणी समितीकडे राहू द्यावी. वर्षातून एकदा मात्र मंजुरीचा फेरविचार जिल्ह्याबाहेरच्या समाजकार्य तज्ज्ञाच्या अहवालावर व्हावा आणि त्याने मुलाशी एकट्याने बोलणे बंधनकारक असावे. हे नियमांतूनही साधेल. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडून बाल न्यायालयाकडे नेण्यासाठी कलम १०१ मध्ये छोटी दुरुस्ती तेवढी करावी लागेल. तिसरी बाब दिल्लीतील मराठी अधिकारी कुटुंबांच्या जवळची आहे. बदलीची नोकरी करणाऱ्या प्रतिपालकाची दिल्लीहून नागपूरला बदली झाली, तर मुलाची नस्ती आणि पाहणीची जबाबदारी कोणत्या तारखेला कोणत्या समितीकडे गेली, याची लेखी पोच दोन्ही जिल्ह्यांकडे असायला हवी.

मिशन वात्सल्यचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. निधीचा पुढचा हप्ता देताना केंद्राने प्रत्येक जिल्ह्याला दोन आकडे मागावेत: किती घरे मंजूर झाली, आणि त्यांच्या किती पाहण्या प्रत्यक्षात झाल्या. दुसरा आकडा पहिल्याच्या बारा पट नसेल, तर वर्षअखेरीस खुलासा मागितला जावा.