कच्चा लिंबू

गल्लींतल्या खेळांत लहानग्या पोराला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्याच्यावर राज्य येत नाहीं. तो बाद झाला तरी कोणी मोजीत नाहीं. वर्ष-दोन वर्षांत तो मोठा होतो व पक्का गडी ठरतो. परंतु ज्या मुलाच्या शरीरांत, इंद्रियांत अथवा बुद्धींत कांहीं वेगळेपण असतें, त्याच्या वांट्याला हें पक्केपण बहुधा येतच नाहीं. त्याला दया म्हणून खेळांत घेतात, किंवा मुळींच घेत नाहींत.

अशा मुलांचे आईबाप औषधोपचारांत कसूर करीत नाहींत. व्यायामोपचार, वाचोपचार, विशेष शाळा यांत सारा दिवस भरून जातो. खेळ मात्र सर्वांच्या शेवटीं, वेळ उरला तर! हा क्रम योग्य आहे काय?

अमेरिकेंत युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंना हा प्रश्न घरांतच भेटला. त्यांची थोरली बहीण रोझमेरी मंदगतीनें शिकणारी होती. १९४१ सालीं तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तिनें गुण येण्याऐवजीं तिचें चालणें-बोलणेंहि बहुतांशीं हरपलें, आणि पुढील बहुतेक आयुष्य संस्थेंत गेलें. १९६२ च्या उन्हाळ्यांत श्रायव्हरबाईंनीं मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारांत अशा मुलांसाठीं शिबिर भरविलें. प्रत्येक मुलाबरोबर एकेक तरुण सोबती दिला आणि पोहणें, चेंडू खेळणें सुरू झालें. यांतूनच २० जुलै १९६८ रोजीं शिकागो येथें ‘स्पेशल ऑलिंपिक्स’चे पहिले सामने झाले, सुमारें एक हजार खेळाडू आले होते. या सामन्यांत समान कुवतीच्या खेळाडूंचे गट पाडतात. त्यामुळें प्रत्येकाची धांव खरोखरीची धांव ठरते. जिंकणें खरें आणि हरणेंहि खरें.

उपचार म्हणून योजलेल्या खेळाचें मर्म हेंच आहे. मुलाला नियमांतून वगळावयाचें नाहीं, तर नियमच असा बदलावयाचा कीं त्याचा डाव मोजला जावा. अंधांच्या क्रिकेटमध्यें चेंडूंत छर्रे भरलेले असतात आणि तो जमिनीलगत टाकतात. फलंदाज कानानें खेळतो. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळीं घरें उंच असतात आणि सोंगट्या भोंकांत रोवतात. युक्ति एवढीशीच, पण तिनें खेळ दयेचा न राहतां बरोबरीचा होतो.

घरींहि हें साधतें. ज्याचीं बोटें नीट वळत नाहींत, त्याला सागरगोटे वर न उडवितां नुसते वेंचूं द्यावे. मग एक उडवावा. मेंदूच्या पक्षाघातामुळें उभें राहतां येत नसेल, तर लगोरीचा नेम बसून धरतां येतो. स्वमग्न मुलाला पुष्कळदां गलका सोसत नाहीं. त्याच्यासाठीं जागा, वेळ आणि गडी ठरलेले असावे, आणि खेळ संपण्यापूर्वीं तशी सूचना द्यावी. मूल खूष असतें तेव्हां तोच व्यायाम तें दहादां करतें. एरवीं दोनदां करतांना रडतें. कोणता खेळ सोसेल, याविषयीं उपचारतज्ज्ञांचा सल्ला मात्र अवश्य घ्यावा.

मूल वयांत येऊं लागलें म्हणजे खरी कसोटी लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला खुळखुळा देणें हा त्याचा अपमान होय. बुद्धीची वाढ सावकाश असली तरी मन त्याच्या वयाचेंच असतें. त्याला समवयस्क मित्र हवे, ढोलताशांतील ठेका हवा, कॅरमवर हरल्याचा रागहि हवा. आपण त्याला मुद्दाम जिंकूं देतों, तें त्यास कळतें. भावंडांनाहि सांभाळण्याची आज्ञा न देतां खेळण्याचें आमंत्रण द्यावें. सांभाळणारा थकतो, खेळणारा पुन्हां येतो.

खेळणें हा बालकाचा हक्क आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारांत नमूद आहे. भारतानें तो १९९२ सालीं स्वीकारला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि मनोरंजन व क्रीडा यांना स्थान आहे. परंतु कायदा अंगणापर्यंत येतो. गडी वांटतांना मुलाचें नांव घेणें हें आपल्याच हातीं आहे. ज्या घरांत ‘आतां तुझ्यावर राज्य’ हे शब्द त्याच्या कानीं पडतील, तेथें उपचाराला खरी सुरुवात झाली असें समजावें.