‘आपण’ जिंकलो

3 जून 2025 ला मध्यरात्रीच्या सुमारास भाच्याचा बंगळुरूहून फोन आला. “मावशी, आपण जिंकलो!” अठराव्या हंगामात रॉयल चॅलेंजर्सने पहिल्यांदा आयपीएल जिंकली होती. पोरगा मिरजेचा, वय 24, त्या शहरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. पण ‘आपण’ म्हणताना त्याचा आवाज भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी त्या विजयाच्या जल्लोषासाठी जमलेल्या गर्दीत चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरी झाली. अकरा जण गेले. भाचाही त्या गर्दीत होता. एकाच पायात बूट घेऊन खोलीवर परतला आणि दोन दिवस कुणाचा फोन उचलला नाही.

घरात सगळे त्याला वेडा ठरवून मोकळे झाले. “तो कोहली ओळखतो का याला?” नाही ओळखत. पण मी मानसशास्त्र शिकवते आणि मला हा वेडेपणा वाटत नाही. 1976 मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे जास्त दिसत. जिंकलेल्या सामन्याबद्दल मुलं ‘आपण’ म्हणत, हरलेल्याबद्दल ‘ते’. आणि ज्यांना नुकतंच एका चाचणीत कमी पडल्याचं सांगितलेलं असे, त्यांच्या बोलण्यात हा फरक अधिक ठळक होता.

इतकी वर्षं शिकवलेलं हे शेवटचं वाक्य मला आपल्याच घरात दिसलं नाही. भाचा तीन महिने कंपनीत बेंचवर होता. प्रोजेक्ट नाही, रोज लॅपटॉप उघडून बसायचं आणि नोकरी जाईल म्हणून धास्तावायचं. हे त्याने आईलाही सांगितलं नव्हतं. पीजीच्या खोलीत एकट्याने काढलेल्या त्या तीन महिन्यांत जिंकण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काय होतं?

कुणावर तरी जीव टाकणं हा आजार नाही. विशीतल्या मुलाला ‘आपण’ म्हणायला तेवढी एकच जागा उरणं, ही खरी काळजीची गोष्ट आहे. त्याची थट्टा केली तर तो तेवढंही आपल्याला सांगायचा थांबतो.

तुमचंही कुणी परगावी एकटं राहत असेल, तर सामन्याच्या रात्री स्वतःहून फोन करा. आधी क्रिकेटबद्दल बोलू द्या, मग नोकरीचं कसं चाललंय ते विचारा.