फूल की दोन पानं?

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावरून १९६० च्या दशकात गोव्यात घराघरांत तट पडले होते. भाषा, धर्म, जात, कूळ-भाटकार (जमीनदार), सगळे जुने हिशेब या एका प्रश्नात येऊन मिसळलेले. ठिणगी पडायला एवढं पुरे होतं. पण १६ जानेवारी १९६७ रोजी लोक जनमत कौलासाठी मतदानाच्या रांगेत उभे राहिले. उमेदवार कुणीच नव्हता. विलीनीकरण हवं तर फूल, नको तर दोन पानं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं (आज हे वाचून कुणाला हसू आलं तर नवल नाही). पानांना मिळाली १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. बांदोडकर हरले. गंमत पुढेच आहे: दोनेक महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोवेकरांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसवलं आणि विलीनीकरण रोखणारे जॅक सिक्वेरा विरोधी बाकांवरच राहिले. कोकणी की मराठी हा भाषेचा वाद मात्र त्या मतपेटीत मावला नाही. १९८६ मध्ये तो रस्त्यावर उतरला, माणसं दगावली. मग १९८७ मध्ये विधानसभेत राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली.